चौदाव्या सायकलचा गुन्हा

ताशी साठ किलोमीटर वेगाने चाललेल्या घोळक्यात पद्माक्का चौदावी होती. तिच्या पुढे तेरा जणी. त्या तेरा जणींतली एकही पडली नाही. कोणाचं टायर फुटलं नाही, रस्त्यावर खड्डा नव्हता, तेल सांडलेलं नव्हतं. आणि तरी चौदावी पद्माक्का धाडकन आपटली आणि मागच्या सतरा जणी तिच्यावर येऊन कोसळल्या. आता सांगा, चूक कोणाची?

"तिचीच की!" असं म्हणालात ना? लाजू नका. त्या दिवशी सगळी सांगली तेच म्हणत होती.

साल होतं २०७१. पाच दिवसांच्या कृष्णाकाठ सायकल शर्यतीचा तो चौथा दिवस. पद्मजा शिरगुप्पे ही व्यावसायिक सायकलपटू, म्हणजे सायकल हाच तिचा पोटापाण्याचा धंदा. आणि शर्यतीच्या नियमपुस्तकात नववा नियम ठणठणीत छापलेला होता : 'घोळक्यात जी प्रथम पडेल, ती अपघातास जबाबदार.' शिक्षा दोन वर्षं बंदी. माफीनामा लिहून दिला तर सहा महिने. सुनावणी दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला.

संध्याकाळी पद्माक्का गळ्यात हात अडकवून खाटेवर बसली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. समोर माफीनामा होता आणि डाव्या हातात पेन.

"अक्का, तू सही करणार?" तिच्या बारा वर्षांच्या बहिणीने, ऋजुताने विचारलं.

"मग काय करू? दोन वर्षांनी मला कोणता संघ घेईल? दोन वर्षांनी माझे पाय तरी असे राहतील का?"

"पण तू केलंस तरी काय?"

पद्माक्काने माफीनाम्यावरून नजर उचलली. मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? मलाच कळलं नाही गं. समोरचं चाक एकदम अंगावर आलं. मी ब्रेक दाबला, पण तोवर घासलं होतं. शर्यतीत आपण समोरच्या चाकाकडेच बघतो. त्याच्या पुढचं काही दिसत नाही, आणि मागे बघायचं नसतं."

"मग पुढे काय झालं ते कळल्याशिवाय सही करायची नाही!" ऋजुताने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि तरातरा बाहेर पडली. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते तिने पुसलं नाही. रागाचं पाणी पुसायचं कशाला?

ती थेट दुरुस्तीच्या तंबूत गेली. तिथे पान्या होता. पान्या म्हणजे शर्यतीचा चाकं बदलणारा यंत्रमानव. सरकारी कागदावर त्याचं नाव 'सेवायंत्र क्रमांक सात', पण चारही हातांत कायम नट पिळायचे पाने असायचे म्हणून सगळे त्याला पान्या म्हणत. मिरजेच्या गौसमिस्त्रींच्या हाताखाली तो काम शिकला, त्यामुळे त्याची मराठीही त्यांचीच.

"काय गं पोरी, तोंड का असं?" पान्याने विचारलं.

"पान्या, तू मागच्या गाडीवर होतास. तू काय पाहिलंस?"

"डोळ्यांनी न्हाई पाहिलं. पण सगळ्या चाकांचे फेरे माझ्याकडं मोजलेले हायेत. कुणाचं चाक मंद झालं, कुणाचं टायर बसायला लागलं, हे सायकल थांबायच्या आधी मला कळायला नको?"

ऋजुताचे डोळे चमकले. "प्रत्येक चाकाचे? अक्का पडली तेव्हाचेसुद्धा?"

पान्याने खडू घेतला आणि फरशीवर आकडे लिहायला सुरुवात केली. पहिली सायकल : वेग साठवरून अठ्ठावन्न. पाचवी : साठवरून चोपन्न. नववी : शेहेचाळीस. तेरावी : चौतीस. चौदावीपुढे त्याने नुसती आडवी रेघ ओढली.

"हे काय? पहिलीने जरासाच ब्रेक लावला, आणि तेरावीने एवढा?"

"आता नीट ऐक. तू डोळ्यांनी काही बघतीस आणि मग बोटं हलवतीस. मधे किती वेळ जातो?"

"काहीच नाही. लगेच!"

"लगेच म्हणं! ऊठ." पान्याने एका हातात लोखंडी पट्टी उभी धरली. "माझ्याकडं बघू नको, पट्टीकडं बघ. मी सोडली की पकड."

पट्टी सुटली आणि ऋजुताने ती पकडली, पण तोवर ती निम्मी निसटून गेली होती. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. पान्या हसला. हसताना त्याच्यातून जुन्या पंपासारखा आवाज यायचा.

"याला म्हणायचं प्रतिसादकाळ (बघितल्यापासून अंग हलेपर्यंत जाणारा वेळ). पट्टी तर तुझ्या बोटांपाशीच होती. सायकलवर ब्रेकपर्यंत जायला सेकंदाचे दहा भाग केले तर त्यातले तीन तरी लागतात. जगातल्या कुठल्याच माणसाला ह्यातून सुटका न्हाई. साठच्या वेगात तेवढ्या वेळात सायकल पाच मीटर पुढं जाती."

"पण पुढची पण पुढे जातच असते ना?"

"शाब्बास! म्हणून लगेच धडक बसत न्हाई, नुसतं अंतर कमी होतं. समज वीतभर. मग मागची काय करती? गेलेली वीत परत मिळवायला पुढचीपेक्षा जरा जोरात ब्रेक दाबती. तिच्या मागचीला परत तोच उशीर, म्हणून ती आणखी जोरात. असं करत करत..."

"...शेवटी कोणालातरी वीतभरही उरत नाही!" ऋजुता ओरडली.

"हां! ह्याला म्हणायचं मंदगतीची लाट (पुढे जाणाऱ्या रांगेतून मागे सरकत वाढत जाणारा अडथळा). सायकली पुढं चालल्यात आणि लाट मागं. पहिलीनं ब्रेक लावल्यावर तुझ्या अक्कापर्यंत लाट यायला चार सेकंद लागले. पहिली तेव्हा साठ-पासष्ट मीटर लांब गेली होती. तिला पत्ताबी न्हाई."

"पण चाक नुसतं घासलं, तेवढ्याने माणूस आपटतो?"

"सायकल एका बाजूला कलली की तू काय करतीस? नकळत हँडल त्याच बाजूला वळवतीस. चाक तुझ्या अंगाखाली येतं आणि तू सावरतीस. पण पुढचं चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला टेकलं, तर ते वळणार कसं? वळलं न्हाई की तोल गेला. मग तू जगज्जेती अस न्हाईतर आणि कोण."

ऋजुता खाली बसली आणि आकडे पुन्हा वाचू लागली. मग तिने खरा प्रश्न विचारला. "पान्या, पहिलीने तरी ब्रेक का लावला?"

"तिथं काल रात्रीपर्यंत काहीच नव्हतं. आज सकाळी शर्यत समितीच्या अध्यक्षांनी प्रायोजकाची फुगवलेली कमान उभी केली. आठ मीटरचा रस्ता पाच मीटर झाला, तोही वळण संपल्या संपल्या."

ऋजुता ताडकन उभी राहिली. "मग उद्या तू ये आणि हे सांग!"

पान्याचे चारही हात खाली आले. "नियम एकवीस. यंत्राची साक्ष धरत न्हाईत. तुला ही लाट समितीला माणसांकडूनच पटवावी लागंल."

दुसऱ्या दिवशी दहा वाजता व्यायामशाळेच्या सभागृहात समितीचे पाच जण टेबलामागे बसले होते. मधोमध अध्यक्ष आबासाहेब इंगवले, पांढऱ्या शुभ्र इस्त्रीच्या सदऱ्यात. बाकड्यांवर सायकलपटू मुली, कोणाच्या गुडघ्याला पट्टी, कोणाच्या हनुवटीला टाके. शेवटचा टप्पा दुपारी एकला सुटायचा होता, त्यामुळे आबासाहेबांना घाई होती.

"सही झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही झाली," ऋजुता म्हणाली.

"तू कोण?"

"मी तिची बहीण. आधी एक प्रयोग करायचा, मग सही."

"बाळ, ही शाळा नाही."

"दहा मिनिटं लागतील. का घाबरता?"

बाकड्यांवर कोणीतरी खुदकन हसलं. आता एवढ्या लोकांसमोर बारा वर्षांच्या पोरीला घाबरलो असं कोण म्हणून घेईल? आबासाहेब उठले.

ऋजुताने चौदा जणांची रांग केली. पहिली ती स्वतः, मागे आठ सायकलपटू, मग समितीचे चौघे, आणि चौदावे आबासाहेब. "मोठ्या माणसांनी मागे राहून सगळ्यांवर लक्ष ठेवायचं," असं तिने सांगितल्यावर ते खूशच झाले. प्रत्येकाच्या हातात बोटभर कमी भरलेला पाण्याचा पेला. नियम दोनच : पुढच्याच्या मानेकडे बघायचं आणि हातभर अंतर ठेवून भरभर चालायचं.

पहिली फेरी झकास झाली. दुसऱ्या फेरीत कोपऱ्यावर ऋजुताने एकच पाऊल जरा सावकाश टाकलं. फक्त एक. तिच्या मागचीला ते जाणवलंही नसेल. पाचवीचा पेला हिंदकळला, पण सांडला नाही. दहावे गृहस्थ अडखळले. तेरावे जागच्या जागी थबकले, आणि आबासाहेब त्यांच्या पाठीवर जाऊन आदळले. पेला उलटला, पांढरा सदरा छातीपासून पोटापर्यंत ओलाचिंब!

"आंधळे आहात का?" आबासाहेब गरजले.

"मी काय करू? हे पुढचे थांबले!" तेरावे म्हणाले.

"मी कुठे थांबलो? यांनीच..." बारावे म्हणाले.

अशी बोटं पुढे पुढे सरकत गेली. शेवटी सगळे ऋजुताकडे बघायला लागले. ती सभागृहाच्या पार त्या टोकाला होती आणि तिच्या पेल्यातलं पाणी थेंबभरही सांडलेलं नव्हतं.

"आबासाहेब," ती तिथूनच खणखणीत आवाजात म्हणाली, "पाणी पहिल्यांदा तुमचं सांडलं. नियम नऊ. चूक तुमची ना?"

आबासाहेबांनी आपल्या ओल्या सदऱ्याकडे पाहिलं. मग हनुवटीला टाके घातलेली मुलगी टाके विसरून हसली, आणि पाठोपाठ सगळेच हसले.

ऋजुताने लाट समजावून सांगितली. प्रतिसादकाळ सांगितला, वीतभर अंतर सांगितलं, कमान सांगितली. काल सगळ्यात पुढे असलेली सायकलपटू स्वतः उभी राहिली. "कमान दिसली म्हणून मी ब्रेकला नुसतं बोट लावलं होतं. मागे काय झालं ते मला शर्यत संपल्यावर कळलं," ती म्हणाली.

आबासाहेबांनी सदरा झटकला. माणूस वाईट नव्हता, पण आपलं चुकलं म्हणायची सवय नव्हती. ते लेखनिकाला सांगू लागले, "लिहा. पद्मजा शिरगुप्पे यांच्यावरील आरोप मागे. दुर्दैवाने घडलेल्या या अपघातात..."

"थांबा." या वेळी पद्माक्का उठली होती. गळ्यात अडकवलेला हात, चेहरा वेदनेने पांढरा, पण आवाज असा की लेखनिकाचं पेन वरच राहिलं. "काल संध्याकाळी मी स्वतःला गुन्हेगार समजत होते. आता तुम्ही दुर्दैवाला गुन्हेगार करता? दुर्दैवाला रस्त्यातून हलवता येणार नाही. कमान हलवता येते. 'दुर्दैव' खोडा आणि 'कमान' लिहा."

"कमान काढली तर प्रायोजकांना मी काय सांगू?"

"ते तुम्ही बघा. मी आज सायकल चालवणार नाहीये, पण या सगळ्यांनी त्याच वळणावरून जायचं आहे."

हनुवटीला टाके असलेली मुलगी तिच्याशेजारी येऊन उभी राहिली. मग दुसरी. मग लंगडत तिसरी. "कमान असेल तर आम्ही निघणार नाही," कोणीतरी म्हणालं, आणि एकेक करत सगळी बाकडी रिकामी झाली. आबासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं, आणि मग खाली मान घालून लेखनिकाला म्हणाले, "खोडा. कमान लिहा. वळणाजवळ रस्ता अरुंद केल्यामुळे... हो, असंच लिहा."

दुपारी साडेबाराला पान्याने चारही हातांनी कमानीच्या झडपा उघडल्या. ती भलीमोठी रंगीत कमान फुसफुसत रस्त्याच्या कडेला आडवी झाली, आणि पद्माक्का तिच्याकडे बघत कितीतरी वेळ उभी राहिली.

"पान्या," ऋजुता म्हणाली, "पहिलीने ब्रेकला बोट लावताच सगळ्यांच्या शिरस्त्राणात एकदमच घंटी वाजली तर? मग प्रत्येकीचा उशीर दुसरीच्या उशिरावर चढणारच नाही. लाट उठणारच नाही!"

"करता येईल. चाकांचे फेरे माझ्याकडं हायेतच," पान्या म्हणाला. "पण समिती म्हणंल, यंत्राची साक्षच धरत न्हाई, मग त्याच्या घंटीवर भरवसा कसा ठेवायचा?"

ऋजुताने पद्माक्काकडे पाहिलं. पद्माक्काने डाव्या हाताने तिचा खांदा दाबला.

"मग आता पाळी नियम एकविसाची," ऋजुता म्हणाली.