राउटरची पूजा

"चार वाजेपर्यंत नेट नीट चाललं न्हाई, तर वायर उपटून फेकतो!" हैबतराव कडाडले. "दसऱ्यापास्नं हेच चाललंय. सगळं पोरांच्या गेममुळं!"

"आबा, चारलाच माझी परीक्षा हाय! विज्ञान शिबिराची!" त्यांची नात गौतमी म्हणाली.

आबा ऐकायला थांबले नाहीत. मोठी माणसं आधी दोषी ठरवतात. तपास जमला तर करतात.

माले गावात, निदान या डोंगराच्या कुशीत, मोबाईलची रेंज नावालाच होती. एक राउटर आबांच्या घरात होता, दुसरा भातखाचरापलीकडच्या भाड्याच्या खोल्यांत. मधे वायर. तिथल्या एका भाडेकरूने, म्हणजे गौतमीची मैत्रीण जान्हवी हिच्या बाबांनी, जूनमध्ये ते जोडून दिले होते; हल्ली ते कामासाठी बाहेरगावी होते. दोन्हींवर दोनच नेटवर्क दिसायची: 'घर' आणि 'पाहुणे'.

गौतमी, तिचा धाकटा भाऊ साहिल आणि जान्हवी बांधावरून खोल्यांकडे निघाले. खोल्यांशी पोचताच साहिल फोन बघत ओरडला, "अगं, हितं 'घर' बी न्हाई, 'पाहुणे' बी न्हाई! भलतंच नाव अन् पुढं आकडे!"

"ते कंपनीचं नाव आहे," जान्हवी म्हणाली. "म्हणजे हा राउटर सगळं विसरला!"

"विसरायला म्हातारा हाय का त्यो?"

"ऐक ना! प्रत्येक फोनला आकड्यांचा एक पत्ता लागतो. बाबांनी पत्ते वाटायचं काम फक्त घरच्या राउटरला दिलं होतं. हा नुसता नेट पुढे पोचवायचा. आता हाही पत्ते वाटतोय! याच्याकडून पत्ता घेतलेला फोन नेट मागायला याच्याकडेच येतो, आणि हा काय देणार?"

"एका वर्गात दोन मास्तर हजेरी नंबर वाटत्यात म्हण की!"

"पण इसरला कशानं?" गौतमी खोलीतल्या भिंतीवरचा राउटर बघायला स्टुलावर चढली. राउटरवर झेंडूची वाळकी माळ होती आणि राख. मागच्या बारीक छिद्रात काडीचा तुकडा अडकला होता.

जान्हवीने कपाळावर हात मारला. "रीसेटचं छिद्र! आत काही दाबून धरलं की सगळं पुसलं जातं!"

दसऱ्याला यंत्रांची पूजा कोण करतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

साडेतीन वाजले होते. गौतमीने काडी उपसली. जान्हवीने बुडाच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकून पत्ते वाटणं बंद केलं, दोन्ही नावं आणि त्यांचे जुने पासवर्ड परत भरले. साहिल फोन घेऊन घरापर्यंत पळत गेला आणि पळतच आला. "धा वेळा जोडलं! धाही वेळा चाललं!"

तेवढ्यात आबा पक्कड घेऊन दारात हजर! गौतमीने तळहातावरची काडी पुढे केली.

"गेम न्हाई, आबा. तुमची उदबत्ती."

"उदबत्तीनं कुटं नेट जातंय व्हय?"

"मग घाला परत त्याच भोकात. बघू."

आबांनी काडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. पक्कड खिशात गेली. "मला वाटलं, भोक उदबत्तीसाठीच ठेवलंय."

चार वाजता गौतमी परीक्षेला बसली. आबा तासभर दाराबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गप्प करत होते. तिने शेवटचं उत्तर पाठवलं, तेव्हा अंगणात भाडेकरू जमले होते.

"कुनी केलं हो दुरुस्त?" त्यांच्यातल्या सगुणाआजीने विचारलं.

"या तिघा पोरांनी. लई हुशार हायेत," आबा उठून उभे राहिले. "अन् बिघडवलं मी. ऐकू आलं न्हवं समद्यांना?"