कुजबुज नावाची स्टाईल

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयातून रोज साठ-सत्तर पत्रं बाहेर पडतात. नळजोड मंजूर, नळजोड नामंजूर, मीटर बदलून घ्या, तक्रार पोचली. पत्र कुणीही लिहो, दिसतं सारखंच, कारण कुठल्याही टेबलावर नवीन फाईल उघडली की सर्व्हरवरचं एकच टेम्प्लेट समोर येतं. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, फाईलला भोकं पाडता यावीत म्हणून डावीकडे सोडलेली जास्तीची जागा, वर उजवीकडे आपोआप पडणारी आजची तारीख, सगळं आधीच ठरलेलं असतं. काही महिन्यांपूर्वीपर्यंत जे टेम्प्लेट होतं, ते माझ्या बायकोने नऊ वर्षांपूर्वी केलं होतं.

आम्ही एकाच खोलीत काम करायचो, ती खिडकीजवळ आणि मी कपाटाच्या आडोशाला. टेम्प्लेटमधल्या अक्षरांच्या ठरीव साच्यांना, म्हणजे स्टाईलना, ‘शीर्षक एक, शीर्षक दोन’ अशी नावं द्यायला तिने साफ नकार दिला. सगळ्यात मोठं शीर्षक तिने ‘थोरला’ केलं, त्याखालचं ‘मधला’, त्याखालचं ‘धाकटी’. साधा मजकूर म्हणजे ‘संसार’. आणि पानाच्या तळाशी टिपांसाठी जी बारीक राखाडी अक्षरं असतात, ती ‘कुजबुज’. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या कार्यालयप्रमुखांनी, कपाळाला आठ्या घातल्या. महिनाभरात त्याच म्हणू लागल्या, “हे जरा मधल्यात घ्या हो.”

मग गेल्या वर्षी एक दिवस तिला बरं वाटेना म्हणून तिने रजा टाकली. संध्याकाळी मी घरी पोचलो तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती आणि फोन मांडीवर होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, साधारण साडेचारला. “तुम्हाला फोन वगैरे केला होता का?” त्यांनी सहज विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्या मोठ्या बहिणीला, ताईलाही, मी तेच सांगितलं.

फोन आला होता. चार वाजून दहा मिनिटांनी. माझ्यासमोर एकशेचाळीस पानांचा अहवाल होता, पानांचे आकडे मधूनच पुन्हा एकपासून सुरू होत होते आणि माझं डोकं फिरलं होतं. मी “नंतर बोलू” म्हणालो आणि फोन ठेवला. तिला काय सांगायचं होतं, ते कळलंच नाही. आयुष्यात आता मला तेवढंच कळायला हवं आहे.

ती गेल्यानंतर दहा महिन्यांनी, एका सोमवारी, मुख्य कार्यालयाचा हुकूम आला. सगळ्या शाखांनी एकसारखं नवीन टेम्प्लेट बसवायचं, जुनं काढून टाकायचं, मुदत शुक्रवार. काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी नवीन फाईल तपासत होतो, तेवढ्यात समोरच्या टेबलावरची टाचणी बोलली. टाचणी आवक-जावक सांभाळते. हे नाव तिला तिच्या बोलण्यावरून पडलंय.

“तुम्ही जुन्यात काही केलंत का? माझ्या कोऱ्या पानावर खाली काहीतरी येतंय.”

मी जाऊन पाहिलं. पानाच्या तळाशी, कुजबुजमध्ये, दोन शब्द होते. ‘ऐक ना.’

कारण मला लगेच सुचलं. नवीन पत्र उघडण्याऐवजी कुणी टेम्प्लेटच उघडून त्यात लिहितं आणि सेव्ह करतं, की तो मजकूर सगळ्यांच्या प्रत्येक नव्या पानावर येतो. टाचणीने स्वतःच एकदा रजेचा अर्ज लिहिताना हा पराक्रम केला होता आणि आमच्या अर्ध्या गावाला ‘पोट बिघडल्यामुळे’ने सुरू होणारी पत्रं गेली होती. मी तिला त्याची आठवण करून दिली. ती हसली. मी टेम्प्लेटमधून ते दोन शब्द पुसले.

मग टेम्प्लेटची नोंद पाहिली. शेवटचा बदल नऊ वर्षांपूर्वीचा होता. टाचणीचा तो पराक्रम तिथे नव्हता, मी आत्ता केलेला बदलही नव्हता.

मंगळवारी ओळ परत आली. आता ती तळाशी नव्हती, पानावर होती, संसारच्या काळ्या अक्षरांत. ‘ऐक ना. वेळ आहे का?’ मी सर्व्हरवरून जुनी प्रत काढून बसवली. ती दोन वर्षांपूर्वीची होती. तिच्यातही तेच होतं.

बुधवारी धाकटी. ‘ऐक ना. वेळ आहे का? दोनच मिनिटं.’

मी खुर्चीतून उठलो आणि उगाच कपाट उघडून उभा राहिलो. हे शब्द मी ओळखत होतो. चार वाजून दहा मिनिटांनी ती फोनवर हेच, याच क्रमाने बोलली होती. त्यावर मी “नंतर बोलू” म्हणालो होतो. हे मी कुणाला, अगदी ताईलाही, सांगितलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा आशाच जास्त वाटत होती. तीन वाक्यं झाली होती. चौथं मी तोडलेलं होतं.

गुरुवारी तीच तीन वाक्यं मधल्यात आली. चौथं आलं नाही. दिवसभर मी शंभरेक नवीन पानं उघडली असतील. टाचणी तिच्या पडद्याकडे बघत हळूच म्हणाली, “ऐक ना... त्या असंच सुरू करायच्या ना?”

“हो.”

“अक्षर रोज मोठं होतंय.”

“हो.”

ती कीबोर्ड बाजूला सरकवून पत्रांचे गठ्ठे लावू लागली.

शुक्रवारी सकाळी पान कोरं होतं. दुपारीही कोरंच. मोठ्या बाई तीन वाजता दारात आल्या.

“झालं का नवीन?”

“सव्वाचारपर्यंत द्या.”

“अहो, दोन मिनिटांचं तर काम आहे. इतका जीव कशाला टांगणीला लावताय?” मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडे गेलं. “बरं. सव्वाचार.”

चार वाजता मी टेम्प्लेट उघडलं. इतरांना जे करू नका म्हणून मी नऊ वर्षं ओरडलो, तेच केलं. टेम्प्लेटच्या आत लिहिलं, ‘बोल. ऐकतोय. कितीही वेळ.’ संसारमध्ये लिहिलं, दुसरं काही सुचलं नाही. सेव्ह केलं.

पडद्यावरचं घड्याळ चार-नऊ दाखवत होतं. फोन मी बंद करून खणात टाकला.

चार-दहा.

मी नवीन पान उघडलं.

मी लिहिलेलं त्यावर नव्हतं. पानाच्या मधोमध, थोरल्यामध्ये, दोन शब्द होते.

‘नंतर बोलू.’

त्या पाच मिनिटांतलं फारसं आठवत नाही. रडलो, एवढं आठवतं. टाचणीने पाण्याचा पेला आणून ठेवला होता. बायकोने ते रागाने लिहिलं असेल तर ते मला पोचलं होतं. माझेच शब्द होते, माझ्याकडेच परत आले होते.

सव्वाचारला मी नवीन टेम्प्लेट बसवलं आणि जुनं काढून टाकलं. थोरला, मधला, धाकटी, संसार, कुजबुज, सगळी नावं यादीतून गेली. नवीन पान उघडलं. शीर्षक एक, शीर्षक दोन. स्वच्छ कोरं.

“एक विचारू?” निघताना टाचणी म्हणाली. “त्या शेवटच्या पानावरची तारीख. माझ्याकडेही तीच आली होती. चुकीची होती ना?”

ती तारीख मीही पाहिली होती. वर उजवीकडे, जिथे नेहमी आजची पडते तिथे, चारेक महिने पुढची होती. मी कॅलेंडर पाहिलं होतं. बुधवार. सुट्टी नाही, तिचा-माझा कसलाच खास दिवस नाही. पण ‘नंतर’ म्हणजे कधी, ते तिने लिहिलं होतं.

“मशीन आहे, चुकतं कधीकधी,” मी म्हणालो.

आता त्या बुधवारला अकरा दिवस राहिले आहेत. मधल्या काळात वावगं काही घडलं नाही. पत्रं जातात, नवीन टेम्प्लेट बरं चाललं आहे. फोन आला होता हे मी मागच्या आठवड्यात ताईला सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. घरही आवरून घेतलं. बायकोची खुर्ची होती तिथेच ठेवली आहे.

काल त्या बुधवारच्या रजेचा अर्ज दिला. टाचणीने तो नोंदवहीत चढवला, तारीख पुन्हा एकदा वाचली, आणि शिक्का हातात धरून थांबली.

“एकाच दिवसाची?”

“एकच पुरेल,” मी म्हणालो.