तिसऱ्या नंबरची वायर

माझ्या पुतण्याचं गॅरेज आहे. आम्ही घरात त्याला साहेब म्हणतो. साहेब गाडीला एक वायर लावतात, मोबाईलकडे बघतात आणि मोबाईल सांगेल तो पार्ट बदलतात. एवढंच असेल तर मीही करीन की, फक्त माझा चष्मा आणून द्या.

हसू नका. पुढचं ऐकून हसलात तर बघते. आणि तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय.

नोव्हेंबरची तेवीस तारीख, बुधवार. संध्याकाळी सहाला कोपऱ्यावरचा शिंपी त्याची छोटी गाडी घेऊन गॅरेजवर आला. चढावर धक्के, उभी असली की थरथर, समोर पिवळा दिवा.

"मिसिंग मारतेय हो," शिंपी म्हणाला. "पहाटे पाचला निघायचंय. आठला बायकोचं डायलिसिस आहे. सोमवारचं हिच्यापायीच बुडालं. हेही बुडालं तर..."

त्या बाईला मी दुपारीच बघून आले होते. पाय टम्म सुजलेले, तोंड सुजलेलं, दोन शब्द बोलली की धाप. भाड्याच्या गाडीवाल्यांनी तर पहाटेचं नाव काढताच फोन ठेवून दिलेले.

साहेबांनी वायर लावली. "तिसरा सिलिंडर. ठिणगीची कॉइल गेलीय, काका. अर्ध्या तासाचं काम."

नवी कॉइल बसली. थरथर तशीच.

"मग प्लग असणार." चारही प्लग नवे. थरथर तशीच.

"म्हणजे इंजेक्टर! माझा अंदाज होताच."

होता म्हणे! अरे शहाण्या, आधी तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्याला लावून बघायचीस. खोड कॉइलबरोबर पहिल्यात गेली तर कॉइल खराब. तिसऱ्यातच राहिली तर कॉइल बिचारी धडधाकट. हे मला कळतं, चूल सांभाळणारीला! कारण मिस्त्री आमच्या दारात बसून हेच सांगायचे.

मिस्त्री म्हणजे ज्यांच्या हाताखाली हा बारा वर्षं होता. ते चालू इंजिनात एकेका सिलिंडरच्या वायरीचा कनेक्टर काढायचे, परत लावायचे आणि नुसतं ऐकायचे. ज्याचा काढला तरी आवाज बदलत नाही, तो सिलिंडर मेलेला. कुणी न तपासता पार्ट बदलला तर शिवी देत नसत. जिभेनं फक्त "च्च" करायचे. त्या एका "च्च"नं माणूस चार दिवस मान वर करत नसे. आमचे साहेब मात्र पाठीमागं दात काढायचे, "म्हातारा गाडीची नाडी बघतो!" मार्चमध्ये मिस्त्री गेले. पोचवायला जायला साहेबांना सवड झाली नाही. कुणाची तरी सर्व्हिसिंग होती.

तर इंजेक्टरही बदलून झाला. गाडीचं आपलं तेच रडगाणं. रात्रीचा एक वाजून गेला. थंडी म्हणून शटर खाली ओढलेलं. गाडीचं तोंड भिंतीकडे, मागं शटरला टेकून बाकावर शिंपी. तो घड्याळ बघायचा आणि साहेबांकडे बघायचा. आता साहेबांकडचे बदलायचे पार्ट संपले होते.

शेवटी साहेब गाडीत जाऊन बसले. चावी फिरवली. बॉनेट वर उघडलेलं, त्यामुळे काचेतून पुढचं काही दिसेना. इंजिन थरथरत होतं.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

अचानक इंजिन आणखी खचलं. बंद पडतंय की काय म्हणेपर्यंत सावरलं.

मग पुन्हा खचलं. पुन्हा सावरलं.

याला वाटलं, शिंपी धीर सुटून पुढं आला. ओरडला, "काका, चालू इंजिनात हात घालू नका!"

"मी कुठं घातला?"

आवाज मागून आला. यानं आरशात पाहिलं. शिंपी बाकावरच होता.

पहिला सिलिंडर झाला होता. दुसरा झाला होता. आता...

इंजिन जराही बदललं नाही.

तिसरा.

मग खचलं, सावरलं. चौथा.

याचे हात स्टिअरिंगला चिकटले. बॉनेटखालच्या फटीतून दिव्याचा उजेड येत होता. उजेडात काहीतरी आडवं आलं. सरलं. पुन्हा आलं.

इंजिन क्षणभर सरळ चाललं. अडखळलं. सरळ. अडखळलं. कुणीतरी वायर हलवून बघत होतं... बोटाबोटानं... पुढं सरकत...

थांबलं.

आणि बॉनेटच्या पलीकडून...

"च्च."

बस्स. एवढंच.

थरथर गेली. पिवळा दिवा विझला. शिवणयंत्रासारखं एकसुरी इंजिन चालू लागलं. शिंपी धावत खिडकीशी आला. "झाली की हो! हातात कला आहे तुमच्या!"

आणि आमच्या साहेबांनी ती शाबासकी खिशात घातली, बरं का! दातखीळ बसलेली, पण मान हलवली.

शिंप्यानं बॉनेट लावलं आणि त्याला घरी जाऊच दिलं नाही. वाटेत पुन्हा बंद पडली तर? पहाटे पाचला निघाले. बाई मागं आडवी. आठला दहा कमी असताना दवाखान्यात पोचले. बाई सुईला लागली, दुपारपर्यंत धाप उतरली. आजही आहे ती, परवाच भेटली.

पण तिला आत नेल्यावर यानं दवाखान्याच्या आवारात, उजेडी बॉनेट उघडलं. शिंपी शेजारी. इंजिनामागच्या वळणावर वायरींच्या जुडग्याला उंदराच्या दातांचे ताजे ओरखडे होते. तिसऱ्याची वायर तुटलेली होती आणि जोडलेली होती. पीळ घालून, वर कापडी पट्टी गुंडाळून.

"हे रात्री केलंत?" शिंप्यानं पट्टी चिमटीत धरली. कापडात हयात गेलेला माणूस तो. पट्टीवर तेल आणि धूळ बसून तिचा दगड झाला होता. कडेचा धागा बोट लागताच भुगा होऊन पडला.

"ही वीस वर्षांपूर्वीची तरी आहे," शिंपी म्हणाला. "आणि गाडी तर मी गेल्याच वर्षी कोरी आणली..."

साहेबांनी चार दिवस मान वर केली नाही.