दोन मुठींची करवत

चुलीपुरती लाकडं कापायची, एवढंच काम होतं. आता कापलेली लाकडं थंडी पडेपर्यंत वाळतात. चालढकल केली की हिवाळाभर धूर खा. त्यात लेकीनं बजावलं होतं, "आई, परवा येते मी. भिंतीशी लाकडांची रास दिसली तर राहा एकटी. नाहीतर गाठोडं बांध आणि माझ्याकडे चल."

गाठोडं बांधणाऱ्यांतली ती म्हातारी नव्हे. पण घरातली करवत दोन मुठींची. एकानं आपल्याकडे ओढायचं, मग दुसऱ्यानं. ढकलायचं कुणीच नाही, पातं वाकतं. दुसरी मूठ धरणारा नवरा गेल्या साली गेला.

भरदुपारी तिनं बसकं स्टूल घेतलं. करवतीशी गुडघे टेकून बसायचे तिचे दिवस कधीच सरले होते. ओंडक्यावर पातं ठेवून तिनं ओढलं. खर्र.

हात सैल सोडला. पातं आपसूक परत गेलं. खर्र.

ओल्या लाकडाच्या आंबूस वासात ओळखीच्या तंबाखूचा वास मिसळला.

"आलात?" ती म्हणाली. "जिवंतपणी चार हाका माराव्या लागायच्या."

खर्र.

"हळू... मला दम लागतो. तुम्हाला आता कसला लागणार म्हणा!"

दोन दिवस अशी बडबडत तिनं ओंडके कापले, कुऱ्हाडीनं फोडले, साल वर ठेवून, मधून वारा खेळेल असे रचले. भीती नावालाही नाही. उलट कामाला बसताना बाई केस विंचरून बसायची.

लेक आली. रास तिच्या खांद्याला लागत होती.

"एकटीनं?"

"मग काय, वरात आणली होती?"

लेक हसली. "राहा बाई. जिंकलीस."

दोघी पायरीवर पाणी पीत बसल्या. अंगणात शेवटचा ओंडका अर्धा कापलेला होता, करवत त्यातच अडकवलेली.

खर्र.

लेकीचा पेला ओठांशीच थांबला. "आई... करवत..."

"तुझे बाबा आहेत. भिऊ नकोस. त्यांना अर्धं काम टाकवत नाही."

खर्र... खर्र... पातं एका लयीत जात होतं, येत होतं.

लेक बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाबा त्या टोकाला. मग... तुझ्या टोकाला कोण ओढतंय?"

म्हातारीला आधी रागच आला. "माझी मूठ धरायची हिंमत कुणाची झाली?" ती तरातरा निघाली आणि दोन पावलांवर थबकली.

तिचं स्टूल कुणीतरी बाजूला सारलं होतं. तिथल्या ताज्या भुशात दोन गुडघ्यांचे खळगे उमटले होते, आणि दर ओढीला ते जरा जरा खोल होत होते.