टेबल तीन मिलिमीटर सरकलं

आमची पहिली भेटच भांडणाने झाली. म्हणजे भांडले मी एकटीच. तो नुसता पाना हातात धरून उभा होता.

त्या कारखान्यात मी वेल्डिंगचा रोबो बसवायला गेले होते. आठ दिवस खपून त्याला समोरच्या टेबलावरची एकेक जागा शिकवली होती — इथे टेक, इथे वळ, इथून सांधत जा. मंगळवारी सकाळी चालू केला, तर पठ्ठ्या प्रत्येक सांधा चुकतोय, सगळीकडे सारखाच, तीन मिलिमीटरने.

"टेबलाला कुणी हात लावला?" मी विचारलं.

"मी," रजेवरून त्याच दिवशी परतलेला फिटर म्हणाला. "खुणेपासून सरकलेलं दिसलं. तुम्हाला त्रास नको म्हणून... जागेवर आणलं."

माझं डोकंच फिरलं. शनिवारी काम सोपवायचंय, आता सगळं पुन्हा शिकवण्यात चार दिवस जाणार, असं तावातावाने सुनावलं. तो ओशाळला, पण चूक दुसऱ्यावर ढकलली नाही. तिथेच माझा राग निम्मा उतरला.

डोकं थंड झाल्यावर आठवलं — सगळ्या जागा मी टेबलाच्या कोपऱ्यापासून मोजल्या होत्या. तीन कोपरे नव्याने मोजून दिले की बाकीचं आपोआप सरकणार. अर्ध्या तासाचं काम! आणि ते संपलं की बुधवारी मी दुसऱ्या गावी.

सांगायला गेलेही. पण तो उजेड धरायला बॅटरी घेऊन हजर. म्हणाला, माझ्यामुळे झालंय, चारही दिवस तुमच्याबरोबर थांबतो. आणि मी... गप्प बसले.

मग काय, मी बटण दाबून रोबो मुंगीच्या पावलांनी पुढे न्यायची, तो सांध्याशी वाकून "अजून केसभर... बस" म्हणायचा. बोलता बोलता मी सांगितलं, महिन्यातले वीस दिवस बाहेर असणारी मुलगी नको म्हणून दोन स्थळं परत गेली. घरी रोज सापडणारा माणूस मी आहेच की, तो हसत म्हणाला — आणि मग बराच वेळ सांध्याकडेच बघत राहिला. मला उगाचच शनिवार नकोसा वाटू लागला.

शनिवार आलाच. रोबो पास झाला, साहेबांनी सही केली. माझ्या गाडीची वेळ झाली तसा तो माझी बॅग घेऊन फाटकापर्यंत आला. मला राहवेना.

"खरं सांगू? ते अर्ध्या तासाचं काम होतं."

"तीन कोपरे मोजायचे," तो शांतपणे म्हणाला. "मंगळवारीच जेवणाच्या सुट्टीत माहितीपुस्तकात वाचलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हीच चार दिवस म्हणालात... कमी करायचा धीर होईना."

मला हसूही येईना, रडूही येईना. हा माणूस मला हवा होता, अगदी मनापासून हवा होता.

"मी खरंच वीस दिवस बाहेर असते हं," मी बजावलं.

"असा ना. उरलेले दहा मला द्या."

"दिले," मी म्हटलं, आणि ती गाडी सोडून पुढच्या गाडीने गेले.