भिंतीकडची बाजू

तळवली गावात म्हात्र्यांच्या घरापुढे जेमतेम एक गाडी मावेल एवढंच अंगण उरलं होतं. बाकीच्या जागेवर उन्नतीच्या सासऱ्यांनी भाडेकरूंच्या खोल्या चढवल्या होत्या. गाडी आत घ्यायची म्हणजे तिची डावी बाजू कंपाउंडच्या भिंतीला चिकटवूनच लावावी लागे. मध्ये वीतभर फट राहायची, मांजरसुद्धा अंग चोरून जायचं. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर उन्नतीने ड्रायव्हरच्या बाजूला जुनी सतरंजी अंथरली, पाने-हातोडे मांडले आणि केस वर बांधून घेतले.

ती महापेच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होती. पंप उघडायचे, बेअरिंग बदलायची, पुन्हा जोडायचे, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे घरची गाडी ती सहसा दुसऱ्याच्या हातात देत नसे. पण यंदा पावसाळाभर गाडी जागची हलली नव्हती. खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेने पुढच्या दोन्ही चाकांच्या ब्रेकच्या डिस्क खाऊन टाकल्या होत्या. शिळफाट्याकडच्या उतारावर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थडथडायचं. परवा तर एका टँकरच्या मागे गाडी थांबली ती कशीबशीच. आणि उद्या त्याच रस्त्याने कल्याणहून नमिताला, तिच्या नणंदेला, बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं.

गॅरेजवाल्याने चाक काढून बघितलं आणि हात झटकले होते. "मॅडम, डिस्क हबला धरलीये. आता नाय निघायची. गाडी आठवडाभर ठेवा, हबसकट बदलतो."

आठवडाभर थांबायला वेळ कुणाला होता? उन्नती नव्या डिस्क विकत घेऊन घरी आली.

"झेपंल ना गो तुना?" वरच्या गॅलरीतून तिच्या सासूने, गोजराबाईंनी विचारलं. त्या तिथे सुपात जवळा घेऊन निवडत बसल्या होत्या. तिचा नवरा दिपेश कामावर होता. घरात दोघीच.

"झेपेल आई. नाही झेपलं तर घण आहे."

जॅक लावला, चाक काढलं आणि नियमाप्रमाणे ते चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. जॅक दगा देईल तर गाडी त्यावर टेकावी म्हणून. डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर सुटला. तो तिने तारेने वर टांगून ठेवला. राहिली फक्त डिस्क. ती आतल्या हबवर, चाकामधल्या लोखंडी गाभ्यावर, नुसती बसलेली असते, एरवी टिचकी मारली तरी हातात येते. इथे दोन्ही लोखंडं एकच झाली होती. उन्नतीने गंज सोडवायचा स्प्रे मारला, तो मुरेपर्यंत वाट बघितली आणि हातोडा उचलला.

ठण्.

लालसर भुगा सतरंजीवर पडला. डिस्क हलली नाही. आणि पलीकडून, भिंतीच्या बाजूने, तसाच आवाज आला. थोडा बोथट.

भिंतीवर आदळून परत येतोय, तिने मनाशी म्हटलं. तिने डिस्क थोडी फिरवली, दुसऱ्या जागी मारलं. पुन्हा तसंच. तिच्या मागोमाग पलीकडून एक घाव. कारखान्यात असे आवाज तिने खूप ऐकले होते. पाइपला इथे ठोकलं की शेडच्या त्या टोकाला वाजतं. लोखंड आवाज कुठून कुठे नेईल, सांगता येत नाही.

ती लयीत मारत राहिली. घामाने पाठ भिजली. हातोड्याचा दांडा निसटायला लागला तशी ती दम घ्यायला थांबली.

पलीकडचा आवाज थांबला नाही.

एक घाव. मग थोडं थांबून दुसरा. मग काहीतरी खरवडल्यासारखा आवाज, तारेच्या ब्रशने गंज काढताना येतो तसा. उन्नती हातोडा मांडीवर ठेवून ऐकत राहिली. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. गल्लीतून भाजीवाला गेला. खरवडणं त्या सगळ्याच्या खालून शांतपणे चालू होतं, घाई नसलेल्या माणसाच्या हाताने.

ती उठली, बॉनेटवरून वाकून पलीकडे बघितलं. फट, भिंत, भिंतीचा उडालेला पोपडा. पुढचं डावं चाक जागच्या जागी. आवाज बंद.

"काय झालं गो?" वरून गोजराबाई.

"काही नाही आई. उंदीर असेल."

पण परत येऊन बसताना तिने नकळत सतरंजी थोडी मागे ओढली होती.

समोरून मारून उपयोग नव्हता. डिस्कला मागच्या बाजूने ठोकायला हवं होतं. त्यासाठी गाडीखाली शिरायचं तर आडवं घातलेलं ते चाक मध्ये येत होतं. एवढं होईस्तोवर म्हणून उन्नतीने ते बाहेर ओढलं, बाजूला ठेवलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने शिव्या घातल्या असत्या. मग ती पाठीवर झोपून खांद्यापर्यंत आत सरकली.

खाली तेलाचा आणि सुकलेल्या चिखलाचा वास होता. डोक्यावर हातभर अंतरावर गाडीचं सगळं वजन. मान वळवली की पलीकडे, भिंतीजवळच्या फटीतून आलेल्या उजेडाची लांब पट्टी दिसत होती. तिने आडवा हात करून घाव घातला. गाडी हादरली. पलीकडून उत्तर आलं.

पुन्हा घातला. पुन्हा उत्तर.

तिसऱ्या वेळी पलीकडचा घाव आधी पडला.

उन्नतीने मान वळवली. उजेडाच्या पट्टीत मधोमध काहीतरी आलं होतं. पुढच्या चाकाच्या मागे, जमिनीपासून वरपर्यंत, पट्टी तुटली होती.

तेवढ्यात तिच्या कानाशी जॅक करकरला.

तो कलला, निसटला आणि फरशीवर आडवा पडला. त्याचं लोखंड तिच्या गालाला चाटून गेलं. तिने डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही.

तिने डोळे उघडले. जॅक तिच्या शेजारी पडलेला. गाडी वर. होती तिथेच, तेवढ्याच उंचीवर. खाली कशाचाही आधार नव्हता. गाडी अगदी बारीक थरथरत होती, जड पोतं उचलून धरलेल्या माणसाचे दंड थरथरतात तशी.

ओरडावं, हे तिला सुचलं नाही. टाचा रोवून ती मागे सरकली. खांदा बाहेर आला. डोकं बाहेर आलं. मग हात.

हात बाहेर आल्यावर गाडी खाली आली.

पडली नाही. कुणीतरी खाली ठेवावी तशी आली, हळूहळू, डिस्कची कड फरशीला टेकेपर्यंत. टेकताना टक् असा आवाज झाला आणि गंजाची एक अख्खी चकती तुटून सतरंजीवर घरंगळली.

उन्नती नळापाशी जाऊन बसली. नळाखाली मनगटं धरली, तोंडावर पाणी मारलं आणि मग तिला रडू यायच्या ऐवजी हसूच फुटलं. हात शाबूत होता. बोटं हलत होती. ती एकेक बोट मिटून उघडून बघत राहिली.

पुढचं काम तिने सगळे नियम पाळून केलं. जॅक पुन्हा लावला, चाक आधी गाडीखाली सारलं. डिस्कला हात लावताच ती सुटून आली. हब घासून काढला, नवी डिस्क बसवली, कॅलिपर आणि चाक परत चढवून नट आवळले. दुसऱ्या बाजूसाठी गाडी बाहेर काढून फिरवून लावली. पुन्हा आत घेण्याआधी तिने भिंतीकडची ती जागा नीट पाहिली. सुकलेली पानं, दुधाची रिकामी पिशवी, भिंत आणि फरशीच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. जाळं अख्खं होतं.

डावं चाक काढलं. आतली डिस्क तेवढीच तांबडी, तेवढीच जुनी. पण हबच्या भोवतीचा गंज खरवडून साफ केलेला होता. हातोडा उचलायची वेळच आली नाही.

संध्याकाळी ती ठाणे-बेलापूर रोडपर्यंत चक्कर मारून आली. रिकामा सर्व्हिस रोड बघून तिने जोरात ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. स्टिअरिंग गप्प. तिथूनच तिने दिपेशला फोन लावला. "झालं रे. एकदम मस्त झालं. उद्या नमिताला बिनधास्त आणू." जॅकचं तिने सांगितलं नाही. सांगायला सगळं आयुष्य पडलं होतं, आणि ते होतं हीच केवढी गोष्ट. घरी येताना ती गाणं गुणगुणत होती.

गोजराबाईंनी चहा गाळून पुढे ठेवला. उन्नतीने पहिला घोट घेतला आणि पाय लांब केले. अंगातला सगळा ताण त्या घोटाबरोबर उतरला.

"त्याला पन थांबवायचा ना गो," गोजराबाई म्हणाल्या. "एवढा राबला, आन् बिन चायचा गेला."

"कोण आई?"

"तो गो. भिंतीकडं बसलेला. तुज्याच कंपनीतला ना? मी वरशी बघत व्हती, मान वर नाय केली त्याने." गोजराबाईंनी आपला चहा बशीत ओतला. "तू गाडीखाली गेलीस ना, तवा मीच इचारला, चाय देऊ कं रे? 'आता नको काकी,' बोलला. 'हात गुतलेत.'"