नळाचं पाणी

धक्क्यावर कुणीतरी पालथं पडलं होतं आणि त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

"हात काढा," ती म्हणाली. "खाज सुटेल. कुत्रंसुद्धा तोंड लावत नाही या पाण्याला."

तो उठून बसला. हात हिरवागार. "त्यासाठीच आलोय. शेवाळ मारणारे जीवाणू आणलेत. आणि तुम्ही—?"

"शहराला क्लोरीन घातलेलं पाणी पाजणारी. सध्या विहिरीचं."

"म्हणजे माझे जीवाणू शेवाळ मारणार, आणि तुम्ही माझे जीवाणू."

"उरलेच तर..." ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

महिनाभर तळ्यावर विषारी शेवाळाची साय धरली होती. पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी त्याला दहा दिवस दिले होते. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या पडद्याचं रिंगण होतं. त्यात रोज एक कॅन, दहापट पाण्यात मिसळून ओतायचा. रिंगण निवळलं तर सगळं तळं त्याच्याकडे, दोन वर्षं. नाहीतर त्याने गाशा गुंडाळायचा आणि साहेब शेवाळ जाळायला मोरचूद टाकणार, मग मासे मेले तरी.

माप साधं होतं. दोराला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी होईपर्यंत दोराच्या गाठी मोजायच्या. पहिल्या दिवशी एकही गाठ बुडली नाही. दुसऱ्या दिवशी एक बुडली. तिसऱ्या दिवशी त्याला ताप भरला.

तीन दिवस त्याच्या जागी तिने ओतलं. बादली घासून, नीट मोजून. तो परतला तेव्हा थाळी पुन्हा वीतभरावरच हरवत होती. त्याने बादली हुंगली आणि खाली ठेवली, एवढंच. घरी आई विचारायची, तुझ्या शेवाळवाल्याचं कुठवर आलं? माझा कुठला, असं म्हणून ती ताट उचलून आत जायची. जेवण अर्धंच झालेलं असायचं.

आठव्या दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे जलशुद्धीकरण केंद्रातल्या नळाचं पाणी तपासलं. दोन थेंब टाकताच नळीत पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन चोख. रोजच येतो. आज मात्र ती त्या पिवळ्या रंगाकडे बघतच राहिली. तळ्याच्या पाण्याची किळस येऊन तीन दिवस तिने जीवाणू याच नळाच्या पाण्यात मिसळले होते. तिच्या स्वच्छ पाण्यात.

ती धावत त्याच्या खोलीवर गेली. टेबलावर अहवाल होता. अपयशाचं कारण: माझी सूचना अपुरी.

"माहीत होतं तुम्हाला?"

"बादलीला वास येत होता," तो म्हणाला. "मी नुसतं 'पाण्यात' म्हणालो होतो. तळ्याच्या, असं म्हणायला हवं होतं."

"आणि निघून जाणार होतात? न सांगता?"

"तुमची नोकरी... आणि दुसरंही काही होतं. ते पाणी निवळल्यावर सांगणार होतो."

ती अहवाल घेऊन थेट साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, क्लोरीन किती वर्षं हाताळताय? सहा, ती म्हणाली. मेमो मिळाला. आणि शेवटचे दोन कॅन उरले होते म्हणून रोज अर्धा कॅन ओतायला चार दिवसही मिळाले.

ते चार दिवस तिने नखं खाऊन काढले. पाणी तळ्याचंच, बादली त्याने भरलेली, तरी ती दर वेळी हुंगायची. दुसऱ्या दिवशीही थाळी वीतभरावरच हरवली. तिसऱ्या दिवशी तिने बघितलंच नाही.

चौथ्या दिवशी दोघं होडीतून रिंगणात गेले. त्याने दोर सोडायला सुरुवात केली. तिने डोळे मिटले.

"एक," तो म्हणाला. "दोन..."

होडीला पाणी चापट्या मारत होतं.

"बोला ना."

"तुम्हीच बघा."

तिने वाकून पाहिलं. तिसरी गाठ पाण्याखाली गेली होती, आणि तिच्या खूप खाली, डुलत, थाळी पांढरी दिसत होती.

"दिसतेय," ती म्हणाली.

"मग आता सांगू?"

तिने त्याचा दोर धरलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सांग. पण दोर सोडू नकोस—थाळी सरकारी आहे, आणि माझा एक मेमो आधीच झालाय."